शूल, शलाका आणि सीख : निखाऱ्यावर भाजलेल्या लहान पक्ष्यांच्या पाकपरंपरेची शब्दसाक्ष

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकाच्या प्रारंभी विदूषक राजाच्या मृगयेला कंटाळून जी तक्रार करतो, तिच्यात जेवणाचाही एक मुद्दा आहे. भर उन्हात रानोमाळ भटकायचे, पानांच्या कुजक्याने तुरट झालेले डोंगरी ओढ्यांचे पाणी प्यायचे, आणि भलत्याच वेळी जे जेवायचे त्यात शूल्य मांसाचाच भरणा अधिक, असे त्याचे गाऱ्हाणे आहे. विदूषक प्राकृत बोलतो, त्यामुळे त्याच्या तोंडी शूल्याचे ‘सुल्ल’ असे रूप येते. मोदकप्रिय ब्राह्मणाची ही कुरकुर म्हणून रसिक तेथे हसतात आणि पुढे जातात. परंतु पाककलेच्या इतिहासाच्या दृष्टीने हा उल्लेख मोलाचा आहे. शूल्य मांस हे राजवाड्यातील पक्वान्न नसून तळावरचे अन्न आहे, ते उघड्यावर, मिळेल त्या लाकडाच्या अग्नीवर आणि फारशा उपकरणांवाचून सिद्ध होते, हे त्यातून विनासायास कळते.

सळईवर मांस भाजण्याची रीत भारतात तुर्कांनी किंवा मोगलांनी आणली, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. त्याला आधार आहे तो मुख्यतः शब्दांचा : ‘कबाब’ अरबी, ‘सीख’ फार्सी, ‘तंदूर’ही तिकडचाच, तेव्हा पदार्थही तिकडचाच. याच्या उलट, शूल्य आणि कबाब एकच असल्याने परकीयांनी येथे नवे काहीच आणले नाही, असे सांगणारा दुसरा पक्षही अलीकडे उत्साहाने पुढे येतो. हे दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे आहेत. शब्दाचा जन्म म्हणजे क्रियेचा जन्म आणि शब्दाचा अंत म्हणजे क्रियेचा अंत, असे दोघेही गृहीत धरतात. लाव, तित्तिर, कपिंजल यांसारखे लहान पक्षी लाकडाच्या विस्तवावर भाजण्याच्या परंपरेपुरते हे गृहीत तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

सर्वांत जुना पुरावा पक्ष्यांचा नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ वे सूक्त अश्वमेधातील अश्वाविषयी आहे. त्याच्या अकराव्या ऋचेत अग्नीवर भाजल्या जाणाऱ्या अंगातून शूलावर जे गळते ते भूमीला किंवा गवताला लागून वाया जाऊ नये, देवांना मिळावे, अशी प्रार्थना येते. तेराव्या ऋचेत मांस शिजविण्याच्या उखेचा, म्हणजे भांड्याचा, उल्लेख आहे. एकाच सूक्तात शूल आणि उखा शेजारी-शेजारी आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढील यज्ञग्रंथांतही हीच विभागणी दिसते. पशूचे हृदय ज्या शूलावर भाजायचे त्याला ‘हृदयशूल’ अशी संज्ञा आहे. वपा भाजण्यासाठी ‘वपाश्रपणी’ नावाच्या दोन काटक्या लागतात. त्यांपैकी एक सरळ व एक दुबेळकी असते. उरलेले बहुतेक मांस भांड्यात शिजते. या दुबेळक्या काटकीमागचे कारण याज्ञिक असेल तसेच व्यावहारिकही असावे. एकाच गोल काठीवर टोचलेला पदार्थ काठी फिरवली तरी सोबत फिरत नाही. त्याची जड बाजू पुन्हा खाली येते आणि तीच करपते. ज्याने कधी एका काटकीवर काही भाजले आहे त्याला दोन टोकांचा उपयोग सांगावा लागत नाही.

पाणिनीने हीच जोडी व्याकरणात आणली. चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, संस्कार केलेल्या भक्ष्यांच्या प्रकरणात, १७ व्या सूत्राने शूल आणि उखा या दोन शब्दांना एकच प्रत्यय सांगितला आहे. त्यातून ‘शूल्य’ आणि ‘उख्य’ ही रूपे सिद्ध होतात. त्याच्या पुढच्याच सूत्रांत दही, ताक व दूध यांवर संस्कारलेल्या पदार्थांची रूपे येतात. सूत्रकाराला पाककृती सांगायची नाही; भाषेत चालू असलेल्या रूपांची व्यवस्था लावायची आहे. म्हणूनच हा पुरावा अधिक विश्वसनीय. त्याच्या काळी शूलावर भाजलेले आणि भांड्यात शिजवलेले हा भेद एवढा रूढ होता, की दोन्हींना एकेक सुटसुटीत शब्द होता. यज्ञाच्या बाहेर, रोजच्या जेवणाच्या भाषेत हा शब्द आला होता, हेही या प्रकरणावरून उघड होते.

अमरकोशात शूल्याचे दोन पर्याय दिले आहेत : ‘शूलाकृत’ आणि ‘भटित्र’. पहिला पारदर्शक आहे. दुसऱ्यापाशी मात्र थांबावे लागते. संस्कृतात ‘-इत्र’ हा प्रत्यय साधनवाचक आहे : खनित्र म्हणजे खणण्याचे साधन, लवित्र म्हणजे कापण्याचे साधन. पाणिनीने तो काही ठरावीक धातूंनाच सांगितला असून त्या यादीत ‘भट्’ हा धातू नाही. शिवाय धातुपाठातील ‘भट्’चा अर्थ भरणपोषणाचा किंवा भाड्याचा आहे, भाजण्याचा नाही. तेव्हा ‘भटित्र’ हा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने अनाथ ठरतो. भृष्ट, भ्राष्ट्र यांची प्राकृत रूपे ‘भट्ठ’ अशी होतात आणि आपली ‘भट्टी’ त्याच गोतातली आहे, हे लक्षात घेता भटित्र हा बोलीतला शब्द संस्कृत प्रत्ययाचा पोशाख घालून कोशात बसला असावा, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. तसे असेल तर शूल्य हा शिष्टांचा आणि भटित्र हा आचाऱ्यांचा शब्द होय.

येथवर मांसाचा विचार झाला. सबंध लहान पक्ष्याचा नाही. आणि भाजण्याच्या दृष्टीने या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. रानातल्या लाव पक्ष्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते. तित्तिर त्याच्या तिप्पट भरेल. रानपक्ष्याच्या अंगावर चरबी बेताची. छातीचे मांस पातळ आणि कोरडे, मांड्या त्या मानाने चिवट. म्हणजे मांडी शिजेपर्यंत छाती वाळून जाते. ज्वाळेवर धरला तर कातडी काळी होते आणि आत हाडाजवळ रक्त राहते. म्हणून असा पक्षी ज्वाळेवर भाजत नाहीत. लाकूड जळून इंगळ होईपर्यंत थांबावे लागते, आणि वरून स्नेह द्यावा लागतो. हा स्नेह निखाऱ्यावर गळला की पुन्हा ज्वाळा उठते. ऋग्वेदातील ऋषीला जे गळणे देवांसाठी जपून ठेवावेसे वाटले, तेच भाजणाऱ्याच्या दृष्टीने मुख्य संकट आहे.

या सगळ्या व्यवहाराची साक्ष कोठे शोधावी? पाकग्रंथांत ती सापडेल अशी अपेक्षा असते. परंतु सर्वांत स्पष्ट साक्ष मिळते ती वैद्यकात, आणि तीही निषेधाच्या रूपाने. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे. दुधाबरोबर मासे खाऊ नयेत, मध तापवून घेऊ नये, ही त्यातील प्रसिद्ध उदाहरणे. त्याच यादीत पुढे असे येते की हारिद्रक पक्ष्याचे मांस हारिद्राच्या काडीवर टोचून हारिद्राच्याच अग्नीवर भाजले तर ते तत्काळ प्राण घेते. मोराच्या मांसाविषयीही तसेच : एरंडाच्या काडीवर टोचलेले, एरंडाच्या अग्नीवर भाजलेले आणि एरंडेल लावलेले ते मारक होय. निखाऱ्यावर शूल्य केलेला भास पक्षीही विरुद्ध आहारात गणला आहे. सुश्रुताने आणि वाग्भटाने एरंडाच्या अग्नीचा निषेध तित्तिर, लाव, कपिंजल या लहान पक्ष्यांना आणि त्यांच्या जोडीला घोरपडीलाही लावला आहे.

या वचनांतील विषाचा भाग वैद्यकाच्या इतिहासकारांनी पाहावा. भाषेच्या आणि आचाराच्या अभ्यासकाला त्यात वेगळेच काही दिसते. निषेध हा आचाराचा साक्षीदार असतो. जे कोणी करीतच नाही ते करू नका असे सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय येथील तपशील पाहावा. ज्या झाडाची काडी, त्याच झाडाचे सरपण. स्वयंपाकघरात असे क्वचितच घडेल; तेथे सळई लोखंडाची आणि लाकूड वखारीतले. रानात मात्र हेच घडते. पक्षी हाती लागला, जवळच्या झुडपाची एक सरळ फांदी तोडून तासली, उरलेल्या फांद्या पेटवल्या. एरंड तर पडीक जागी, वस्तीच्या कडेला कोठेही वाढतो; त्याचा दांडा सरळ आणि सहज तुटणारा. घाईच्या माणसाचा हात त्याच्याकडेच जाणार. परंतु तो दांडा पोकळ, हलका आणि भरभर जळून जाणारा असल्याने त्याचा टिकाऊ निखारा होत नाही; त्यावर भाजणे म्हणजे धूर आणि ज्वाळा यांवर भाजणे. संहिताकारांच्या डोळ्यांसमोर मृगयेचा तळ किंवा व्याधाची आगटी होती, आणि तेथील निष्काळजीपणाच ते शास्त्रात नोंदवीत होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

काडीसाठी वापरलेल्या शब्दांकडेही पाहिले पाहिजे. चरकाच्या पाठात तेथे ‘सीसक’ असा शब्द आहे. वाग्भट त्याच प्रसंगी ‘शूलक’ म्हणतो. चरकाच्या नंतर कित्येक शतकांनी लिहिणाऱ्या वाग्भटाला तो जुना शब्द बदलून परिचित शब्द घालावासा वाटला, असा याचा अर्थ लावता येतो. म्हणजे या क्षेत्रात शब्दांची अदलाबदल तुर्कांच्या आगमनाच्या फार पूर्वीपासून चालू होती. काडी तीच, आगही तीच. नाव मात्र बदलत गेले.

सुश्रुताने मांसाचे प्रकार मोजताना शूल्याच्या बरोबरीने भर्जित, पिष्ट, प्रतप्त, कंदुपाचित असे शब्द दिले आहेत. यांतील कंदुपाचित म्हणजे भट्टीत भाजलेले. कंदु आणि शूल ही दोन स्वतंत्र साधने त्याच्यापुढे होती. हरिवंशाच्या प्रचलित पाठात यादवांच्या सागरविहाराच्या प्रसंगी शूलावर भाजलेल्या, तुपाने भिजवलेल्या कोवळ्या रेड्यांचे वर्णन येते. तेथेही जागा उघड्यावरची आणि प्रसंग विहाराचा आहे. तमिळ संघसाहित्यातील ‘पोरुनर् आट्रुप्पडै’ या काव्यात सळईवर भाजलेले चरबीयुक्त मांस खाणारा गायक ते इतके गरम असल्याने तोंडात या बाजूचे त्या बाजूला करीत निववतो, असे चित्र आहे. आर्य आणि द्राविड या दोन्ही भाषाकुलांत ही रीत इतकी जुनी असल्यामुळे तिचे जनकत्व कोणा एकाकडे देण्याचा आग्रह निरर्थक ठरतो. विस्तव आणि काडी ज्या ज्या समाजात आहे, त्या त्या समाजाने ही रीत स्वतंत्रपणे शोधली असणार.

महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेला पुरावा बाराव्या शतकातला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमाराचा. गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी संपादिलेले त्याचे तीन भाग गायकवाड प्राच्यविद्यामालेत १९२५, १९३९ व १९६१ या वर्षी प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ चांगला परिचित आहे. त्याच ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण मात्र त्यांच्याकडून सहसा वाचले जात नाही. या प्रकरणात ‘भडित्र’ हा शब्द येतो. मांसाचे तुकडे करून, त्यांना मसाला लावून, शूलावर ओवून निखाऱ्यावर भाजायचे, ही त्याची कृती. यकृताचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून मग मसाल्यात परतण्याची कृतीही तेथे आहे. अमरकोशातला ‘ट’ येथे ‘ड’ झाला आहे. दोन स्वरांमधील ‘ट’चा ‘ड’ होणे हा प्राकृताचा सामान्य नियम. तेव्हा राजाच्या ग्रंथलेखकाने हा शब्द कोशातून उचललेला नसून मुदपाकखान्यात ऐकून लिहिला, असे दिसते. भटित्र हा आचाऱ्यांचा शब्द, हे वर केलेले अनुमान यामुळे बळकट होते.

याच ग्रंथात लावक पक्ष्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे, पण ते अन्नभोगात नाही, विनोदात आहे : कोंबड्यांच्या झुंजीनंतर लावकांच्या झुंजीचे वर्णन येते. मूठभर आकाराच्या या पक्ष्याने राजाच्या करमणुकीसाठी झुंजावे आणि वैद्याच्या यादीत पथ्यकर मांस म्हणून पहिल्या रांगेत बसावे, हा त्याच्या नशिबाचा भाग. वैद्यकात लाव, तित्तिर इत्यादींचा ‘विष्किर’ असा गण केला आहे. पायांनी माती विखरून खाणारे ते विष्किर. या शब्दातील ‘ष्’ची उपपत्ती सांगण्यासाठी पाणिनीला सहाव्या अध्यायात एक सूत्र खर्ची घालावे लागले.

सोळाव्या शतकातील भावमिश्राचा ‘भावप्रकाश’ हा या परंपरेतील सर्वांत उपयुक्त ग्रंथ होय, कारण त्याने शूल्याची व्याख्याच दिली आहे. कालखंड म्हणजे यकृत, ते व तत्सम मांस शलाकेत ओवावे, तूप व मीठ द्यावे, धूर नसलेल्या अग्नीवर शिजवावे. पाककर्म जाणणारे त्याला शूल्य म्हणतात, असा त्याचा आशय. धूर नसलेला अग्नी म्हणजे ज्वाळा विझून इंगळ राहिलेला अग्नी. चरकाच्या निषेधातून आडवळणाने कळलेली गोष्ट येथे विधीच्या रूपाने आली. पण याहून महत्त्वाचा शब्द ‘शलाका’ हा आहे. पदार्थाचे नाव शूल्य, म्हणजे शूलावरचे. परंतु कृती सांगताना ग्रंथकार शूल म्हणत नाही, शलाका म्हणतो. साधनाच्या अर्थी ‘शूल’ हा शब्द व्यवहारातून उतरू लागला होता आणि पदार्थाच्या नावात तो केवळ जुन्या शिक्क्यासारखा राहिला होता, याचा एवढा स्वच्छ पुरावा अन्यत्र दुर्मिळ आहे.

तो का उतरला? याचे उत्तर मराठीत आहे. शूल या शब्दाचे मराठीत दोन वंशज झाले. ‘सूळ’ हा तद्भव गुन्हेगाराला चढविण्याच्या खांबासाठी राहिला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात त्याचा हाच अर्थ ठळक आहे. ‘शूळ’ हा पोटातल्या किंवा मस्तकातल्या तीव्र वेदनेला लागला. मूळ संस्कृत शब्दात भाला, वधस्तंभ, वेदना आणि भाजण्याची काडी हे सारे अर्थ एकत्र नांदत होते. पण ज्या शब्दाने चावडीवर माणसाचे प्राण जातात आणि घरात पोट दुखते, त्याच शब्दाने ताटातल्या घासाचे साधन सांगणे बोलणाऱ्याला जड जाऊ लागले असावे. भीतिदायक अर्थ सौम्य अर्थाला हुसकून लावतो, ही अर्थविचारातील नेहमीची घटना. रिकामी झालेली जागा शलाकेने घेतली आणि तिची मराठीत ‘सळई’ झाली. क्रियापद तर कधीच बदलले नाही : भृज्ज् धातूपासून प्राकृत ‘भज्ज’ आणि त्यापासून मराठी ‘भाजणे’. अंगाराचे प्राकृतात ‘इंगाल’ झाले आणि मराठीत ‘इंगळ’. म्हणजे इंगळावर सळईने भाजणे या साऱ्या वाक्यात परका असा एकही शब्द नाही. तुटला तो फक्त पदार्थाच्या नावाचा धागा.

तो धागा ‘भरीत’ या शब्दात सापडतो असे सुचविण्याचा मोह होतो. वांगे इंगळावर भाजून भरीत करतात. भटित्र आणि भरीत यांचा ध्वनीही जवळचा. परंतु ध्वनिनियम येथे आडवा येतो. घोटकाचा घोडा झाला, घटाचा घडा, वटाचा वड, कीटकाचा किडा. स्वरमध्यस्थ ‘ट’चा मराठीत ‘ड’ होतो, ‘र’ होत नाही. भटित्राचे मराठी रूप ‘भडीत’ असे काहीसे व्हायला हवे होते, आणि मानसोल्लासातील भडित्र त्या वाटेवर निघालेलेही दिसते. भरिताचे कूळ अन्यत्र शोधले पाहिजे. अर्थाच्या जवळिकीवर व्युत्पत्ती लावण्याची सवय मराठीत जुनी असल्यामुळे एवढे सांगणे भाग आहे.

पदार्थाच्या नावाच्या रिकाम्या जागी ‘कबाब’ आला. हा शब्द अरबीतून फार्सीत आणि तेथून भारतीय भाषांत आला. त्याचे मूळ भाजणे-जाळणे या अर्थाच्या प्राचीन सेमिटिक धातूत आहे. माळव्यात मांडूच्या गियासशाह खल्जीसाठी (राज्यकाल १४६९–१५००) सिद्ध होऊ लागलेल्या आणि त्याचा पुत्र नासिरशाह याच्या काळात पूर्ण झालेल्या ‘निमतनामा’ या ग्रंथात फार्सी वाक्यांमध्ये स्थानिक पदार्थनामे सर्रास येतात. दोन पाकपरंपरा एका चुलीशी बसलेल्या तेथे दिसतात. त्यातही शिकारीच्या तळाची तरतूद निराळी सांगितली आहे. विदूषकाची तक्रार सहज आठवावी. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त कबाबासाठी दहा शेर मांसाला अर्धा शेर तूप असे प्रमाण दिले असून मीठ, आले, कांदा, जिरे, धने, मिरी, वेलची, लवंग यांची मापे आहेत. तेथेच ‘मुसम्मन’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात कोंबडीची सर्व हाडे मानेच्या वाटेने काढून घेतात आणि बाहेरून पक्षी सबंधच ठेवतात. पक्षी सबंध ठेवण्याचे हे कौतुक दरबारी आहे. तळावरचा माणूस पक्षी सबंध भाजतो तो कौतुकासाठी नव्हे, लहानग्या पक्ष्याचे तुकडे करण्यात काही हाती लागत नाही म्हणून.

कबाब या शब्दाने काय आणले, हे आता नेमके सांगता येते. त्याने नाव आणले, मसाल्याचे प्रमाण आणले, आणि जो पदार्थ शिकारीच्या तळावर किंवा राजाच्या भोगप्रकरणात होता त्याला शहरातील बाजारपेठ मिळवून दिली. सळई आणि इंगळ त्याने आणले नाहीत. तंदुरात सळईवर सबंध कोंबडी भाजण्याची रीत १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब-पेशावरकडून आलेल्या निर्वासितांच्या खाणावळींमुळे भारतभर पसरली. सुश्रुताने जे कंदु आणि शूल असे दोन प्रकार वेगळे मोजले होते, ते या पदार्थात एकत्र आले आहेत.

उघड्यावरचा विस्तव म्हटला की सळईच हवी, असेही मात्र नाही. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर ‘पोपटी’ लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचे, मडके जमिनीवर उपडे ठेवायचे आणि भोवती काटक्या, पेंढा, पालापाचोळा रचून पेटवायचा. पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सारे शिजते. म्हणून येथे मांस वाळत नाही आणि गळणारा रस शेंगांत मुरतो. पाणिनीच्या परिभाषेत पोपटी हे निर्विवाद उख्य. पण ते स्वयंपाकघरातले नाही, शिवारातले आहे. शूल म्हणजे रान आणि उखा म्हणजे घर अशी सुटसुटीत वाटणी कोणी केलीच, तर पोपटी ती मोडून टाकते.

लहान पक्ष्यांना धरून भाजणाऱ्यांची भाषा ग्रंथांत फारशी आलीच नाही, हे या विषयातील खरे वैगुण्य होय. मराठीतील ‘पारध’ आणि ‘पारधी’ हे शब्द प्राकृत ‘पारद्धि’चे वंशज, संस्कृत ग्रंथकारांनी त्याचेच ‘पापर्धि’ असे रूप करून त्यात पापाची वृद्धी वाचली. शिकारीच्या धंद्याविषयी शिष्टांचे मत या एका कृत्रिम संस्कृतीकरणात पुरते उमटले आहे. फाशांनी लावे आणि तितर धरणारे फासेपारधी ब्रिटिश अमलात १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या व्यवस्थेत सापडले आणि १९५२ मध्ये तिच्यातून मुक्त झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले लावे-तितर धरण्यास बंदी आली. कोशकारांनी ज्यांच्याकडून काडीचे, गाठीचे, निखाऱ्याचे शब्द विचारून घ्यायला हवे होते, त्यांची जबानी पोलिसांनी लिहून घेतली. शब्दसंग्रह मात्र कोणी लिहून घेतला नाही. मराठीत शूल्याला नाव उरले नाही असे म्हणताना ते कोणत्या मराठीत उरले नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे. ज्या घरांत मांसच शिजत नव्हते, त्या घरांतील पंडितांनी मराठीचे बहुतेक कोश रचले आहेत.

आज खाण्यासाठी मिळतो तो पाळीव जपानी लावा. तो रानातल्या लाव्याहून वजनाने भारी असतो, आणि त्याला शहरांतील खाणावळींत इंगळावरच्या जाळीवर भाजतात. फळ्यावर त्याचे नाव मात्र बहुधा ‘बटेर’ असे लिहिलेले आढळते. हा शब्द वर्तक, वर्तिका या कुळातला. ऋग्वेदात अश्विनांनी लांडग्याच्या जबड्यातून सोडविली ती वर्तिका हीच. परंतु आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ होणे हे हिंदीचे लक्षण. मराठी ‘व’ जपून ठेवते. तेव्हा बटेर हिंदीकडून आलेला पाहुणा आहे. चरकाच्या लावापासून थेट उतरलेला ‘लावा’ हा शब्द मराठी खेड्यांत अजून चालू आहे.